पोतं भरल्यावर

संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीत शारदा प्रांगणात मुक्काम करते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काटेवाडीच्या वाटेला लागते. त्या सकाळी शहरात खरं तर दोन दिंड्या असतात. पहिलीत टाळ, मृदंग, पताका, तुळशीवृंदावनं आणि पादुकांचा रथ. दुसरी तिच्या पाठोपाठ. तिच्यात खराटे, फावडी, पाट्या, ट्रॅक्टर आणि नगरपरिषदेच्या घंटागाड्या. पहिलीचं छायाचित्र दुसऱ्या दिवशी झाडून सगळ्या वर्तमानपत्रांत येतं. दुसरीला आतल्या पानावर चार ओळी मिळाल्या तरी पुष्कळ झालं.

ही दुसरी दिंडी शहराच्या हद्दीपाशी थांबते. पालखी थांबत नाही. काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी अशी ती पुढे जाते आणि नीरा ओलांडून सोलापूर जिल्ह्यात शिरते. बारामती सोडल्यापासून सराटीपर्यंतच्या या वाटेवर नगरपरिषद एकच, इंदापूरची. बाकी सगळ्या ग्रामपंचायती. त्यांच्याकडे माणसं मोजकी, एखादी घंटागाडी असलीच तर ती गावठाणातल्या गल्ल्यांसाठी. गावाबाहेरचा रस्ता, त्याची साइडपट्टी, कडेची चारी, मोरीखालचा खड्डा या जागा कुणाच्याच खराट्याच्या टप्प्यात नसतात. तिथे जो कचरा साचतो, तो कुणीतरी आपणहून वाकून उचलला तरच निघतो.

असे वाकणारे लोक आहेत, आणि दिसतात त्यापेक्षा जास्त आहेत. कॉलेजची पोरं आहेत, धर्माधिकारी प्रतिष्ठानच्या बैठकीला जाणारे श्रीसदस्य आहेत, निरंकारी मंडळी आहेत, पहाटे फिरायला किंवा सायकल घेऊन निघणारे शिक्षक, डॉक्टर, दुकानदार आहेत. त्यांच्या उत्साहाबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. प्रश्न त्यांच्या पोत्याचा आहे. सकाळी नऊ वाजता पोतं भरतं, तोंड बांधलं जातं, रस्त्याच्या कडेला उभं राहतं. पुढे?

वारीचाच दाखला घ्यावा, कारण बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांना स्वच्छतेचा सर्वांत मोठा धडा दरवर्षी तीच देते. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला. त्या काळी वारकऱ्याच्या शिदोरीत मागे राहण्यासारखं काही नव्हतं. पळसाच्या पानांची पत्रावळ जनावर खाई किंवा तिची माती होई. आता वाटेवर मागे राहतात ते चहाचे कागदी कप, पाण्याच्या बाटल्या, लाडू-चिवड्याची पाकिटं, आतून चकचकीत अस्तर लावलेल्या पत्रावळ्या आणि पावसात अंगावर घेतलेले, दोन दिवसांत फाटणारे प्लॅस्टिकचे कागद. बेलवाडीला पालखीचं गोल रिंगण होतं. अश्व धावून गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं झेपावतात. घटकाभराने त्याच मातीवर हजारो रिकामे पेले पडलेले असतात.

यात वारकऱ्याला बोल लावणं सोपं आहे आणि बरंचसं अन्यायाचंही. वारकरी ताट-वाटी पिशवीत घेऊन चालणारा माणूस आहे. दिंडीचं स्वतःचं जेवण असतं, स्वतःची भांडी असतात. कचऱ्याचा मोठा वाटा वाटेवरच्या वाटपाचा असतो. कुठल्या मंडळाने केळी वाटली, कुणी बिस्किटं, कुणी पाणी, कुणी चहा. सोबत स्वतःच्या छबीचा फलक. वाटप संपलं की फलक आणि टेम्पो परत जातात, खोकी आणि कप तिथेच राहतात. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांत यासाठी एक कलम होतं. परवाना नसलेल्या जागी शंभराहून जास्त माणसं जमवायची असतील तर तीन दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवायचं, आणि कचरा वेगळा करून तिच्या हवाली करायचा. पुण्य कमावणाऱ्या किती मंडळांना हे कलम ठाऊक असेल, याची चौकशी न केलेलीच बरी.

वारीतल्या घाणीचा सगळ्यांत अवघड भाग कागद-प्लॅस्टिकचा नव्हताच. तो उघड्यावरच्या शौचाचा होता. मुक्कामाच्या गावात पालखी गेल्यावर आठ-आठ दिवस शिवारात पाऊल टाकवत नसे. २०१५ पासून ‘निर्मल वारी’ या नावाने हे बदलायला सुरुवात झाली. सेवा सहयोग, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे कार्यकर्ते आणि पुढे राज्य सरकारचा निधी यांच्या जोरावर मुक्कामाच्या गावांत फिरती शौचालयं रांगेने उभी राहू लागली. स्वयंसेवक रात्री-पहाटे वाटेवर उभे राहून माणसांना तिकडे वळवू लागले. यातली खरी मेख लक्षात घेण्यासारखी आहे. आधी शौचालयं आली, पाण्याची सोय आली, मैला उपसून नेणाऱ्या गाड्या आल्या, आणि मग विनवणी आली. नुसत्या विनवणीची कीर्तनं तर त्याआधीही पुष्कळ झाली होती.

विद्यार्थ्यांचं कामही याच रस्त्यावर दिसतं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची राष्ट्रीय सेवा योजना ‘स्वच्छ वारी, स्वस्थ वारी, निर्मल वारी, हरित वारी’ असं लांबलचक नाव घेऊन पालखीबरोबर चालते. पोरं पथनाट्यं करतात, झाडं लावतात, पत्रावळ्या गोळा करतात. या योजनेची सुरुवात २४ सप्टेंबर १९६९ ची, गांधीजन्मशताब्दीच्या वर्षातली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास समाजासाठी द्यावेत आणि एखादं गाव दत्तक घेऊन तिथे सात दिवसांचं शिबिर करावं, अशी तिची रचना. बारामती-इंदापुरात महाविद्यालयं भरपूर. एकट्या बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय आहे, विद्या प्रतिष्ठानची संस्थांची रांग आहे. म्हणजे हात कमी नाहीत. शिबिराच्या गावात सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्यान, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम हा शिरस्ता ठरलेला. सातव्या दिवशी पोरं बसमध्ये बसतात. आठव्या दिवशी रस्ता कोण झाडणार, याचं उत्तर शिबिराच्या अहवालात नसतं.

काटेवाडीचं प्रकरण इथे जरा थांबून पाहायला हवं. पालखी या गावात आली की परीट समाजाची मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात आणि रथाभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. वारीतला हा एक देखणा सोहळा. पण काटेवाडीचं नाव स्वच्छतेच्या संदर्भात झालं ते वेगळ्या कारणाने. पवार कुटुंबाचं हे गाव. सुनेत्रा पवार यांनी इथल्या बायकांना हाताशी धरून आधी उघड्यावरची हागणदारी बंद करण्याचं, मग गाव झाडून लख्ख ठेवण्याचं, सांडपाण्याचं आणि कचऱ्याचं काम उभं केलं. निर्मल ग्राम आणि पुढे पर्यावरणपूरक गाव म्हणून काटेवाडी बघायला बाहेरून माणसं येऊ लागली. २०१० मध्ये त्यांनी एन्व्हायर्न्मेंटल फोरम ऑफ इंडिया ही संस्था काढली आणि काम गावाबाहेर नेलं. सत्तेजवळच्या गावाला सगळंच सोपं, असं म्हणणारे असतात आणि त्यांचं म्हणणं अगदी खोटं नाही. तरी सत्तेजवळची गावं महाराष्ट्रात चिक्कार आहेत आणि त्यांतली बहुतेक उकिरड्यानेच ओळखता येतात. काटेवाडीत फरक पडला तो घरोघरच्या बायका कामात उतरल्यामुळे. दारापुढचं अंगण जिचं, तिला कचऱ्याचं पुढे काय होतं हे विचारण्याचा हक्कही असतो.

आणि त्या धोतरांच्या पायघड्या घालणाऱ्या परीट समाजातच महाराष्ट्रातला सगळ्यांत मोठा झाडूवाला जन्मला. डेबूजी झिंगराजी जाणोरकर, म्हणजे गाडगेबाबा. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्म, २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ प्रवासातच मृत्यू. अंगावर चिंध्या, डोक्यावर गाडगं, हातात खराटा. गावात शिरलं की कुणाला न विचारता रस्ता झाडायला लागायचं. दिवसभर झाडलेल्या गावात रात्री कीर्तन करायचं, आणि कीर्तनात समोरच्यांनाच प्रश्न विचारून घाम फोडायचा. बाबा पंढरपूरला जात, पण देवळात न जाता वाळवंट झाडत, असं सांगतात. त्यांच्या झाडण्यात एक व्यवहार होता, तो स्मारकांच्या गडबडीत विसरला गेला. बाबा गाव झाडत ते गावाला लाजवून कामाला लावण्यासाठी. पाहुण्याने अंगण झाडलं की यजमानाला बसवत नाही.

त्यांच्या नावाचं ग्रामस्वच्छता अभियान २०००-०१ मध्ये राज्यात सुरू झालं, तेव्हा ग्रामविकास खातं आर. आर. पाटील यांच्याकडे होतं. त्या अभियानाने हाच धागा पकडला. गावांमध्ये चुरस लावली. बक्षिसाच्या रकमेपेक्षा कितीतरी जास्त काम लोकांनी अंगमेहनतीने आणि लोकवर्गणीने केलं. तपासणीची गाडी येणार म्हटल्यावर रात्री बत्तीच्या उजेडात रस्ते झाडणारी गावं त्या दोन-तीन वर्षांत सगळ्या महाराष्ट्राने पाहिली. मग स्पर्धेचं नवेपण ओसरलं. ज्या गावांनी कचऱ्याची कायमची सोय लावून घेतली ती टिकली. ज्यांनी नुसता रंग दिला, त्यांच्या भिंतींवर आता फक्त फिकट अक्षरं उरली आहेत.

आजची सर्वांत शिस्तबद्ध झाडलोट कुणाची, असं विचारलं तर रेवदंड्याच्या डॉ. नानासाहेब धर्माधिकारी प्रतिष्ठानचं नाव घ्यावं लागेल. नोव्हेंबर २०१४ मध्ये त्यांनी एकाच दिवशी राज्यभर स्वच्छता केली आणि त्यानंतर हे वारंवार होत राहिलं. श्रीसदस्य येताना आपापला झाडू, खोरं, घमेलं, हातमोजे घेऊन येतात. कुणी कुठल्या चौकापासून कुठल्या पुलापर्यंत झाडायचं हे आधी ठरलेलं असतं. नगरपालिकेशी बोलून डंपर मागवलेले असतात, किती टन कचरा निघाला याचा आकडा दुपारपर्यंत हातात असतो. भाषण नाही, सत्कार नाही, नेत्याची वाट पाहणं नाही. संत निरंकारी मंडळाचीही अशीच रीत. बाबा हरदेवसिंह यांच्या २३ फेब्रुवारीच्या जन्मदिवसाच्या सुमारास त्यांची मंडळी झाडू हाती घेतात. २०२३ मध्ये २६ फेब्रुवारीला त्यांनी ‘प्रोजेक्ट अमृत’ नावाने देशभर नद्या, तलाव, ओढे यांच्या काठांची सफाई केली. गाडगेबाबा आणि निरंकारींचा हा मुहूर्त एकाच तारखेवर यावा हा योगायोगच, पण बरा योगायोग.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला वाढदिवसाची स्वच्छता असते. पांढरे शुभ्र कपडे, कोरा झाडू, आणि त्या एका झाडूच्या दांड्याला लागलेले सात हात. आधीच झाडलेल्या जागी दोन पाट्या पाला पसरून ठेवलेला असतो, म्हणजे झाडायला काहीतरी हवं. बारामती, इंदापूर, दौंड, कुठेही जा, याची छायाचित्रं सापडतील. त्यांच्यावर फार शाई खर्च करण्यात अर्थ नाही.

पोत्यात काय निघतं, यावर मात्र शाई खर्च करायला हवी. रस्त्याच्या कडेचा कचरा त्या मुलखाची सगळी गोष्ट सांगतो. पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवणच्या आसपास ढाब्यांची आणि मासळी खानावळींची रांग आहे. उजनीचं पाणी जवळ, चिलापी ताजी. तिथल्या मोऱ्यांखाली कोंबडीची पिसं, माशांची खवलं, काळ्या पिशव्या, बाटल्या. ऊसपट्ट्यात, माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी या कारखान्यांच्या वाटांवर, हंगामात वाढं आणि चिपाडं पडतात. ती कुजतात किंवा जनावरं खातात. ऊसतोड मजुरांच्या कोप्या कारखान्याजवळ आणि रस्त्याकडेला पाच-सहा महिने असतात, आणि तिथे कचऱ्याची गाडी जात नाही. डाळिंब-द्राक्षाच्या भागात बांधावरून उडून आलेले मल्चिंग पेपरचे काळे तुकडे, ठिबकच्या जुन्या नळ्या. नीरा डावा कालव्याच्या पुलांखाली निर्माल्याच्या गाठोड्या, आणि सगळ्या गाठोड्या पिशवीत. फुलं सोडायची असतात, पिशवी कशाला सोडतात हे देवालाच ठाऊक.

या सगळ्यांत पाण्याची बाटली एकटी सुखी. तिला भंगारात भाव आहे, म्हणून ती फार दिवस पडून राहत नाही. कुणी गोणीवाला किंवा गोणीवाली तिला उचलतेच. पडून राहतात त्या गुटख्याच्या पुड्या आणि वेफर्सची पाकिटं. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. रस्त्याच्या कडेला मात्र त्या बंदीचा पत्ता लागत नाही. ही पाकिटं प्लॅस्टिक आणि धातूच्या पातळ थरांची बनतात, थर सुटे करता येत नाहीत, वजन नगण्य, म्हणून भंगारवाला त्यांना हात लावत नाही. हजार पुड्या वेचाव्यात तेव्हा कुठे वजनकाट्याचा काटा हलतो. स्वयंसेवकाचं कंबरडं मोडतं ते यांच्यासाठी वाकून.

आणि नाही उचललं तर? उन्हाळ्यात कडेचं गवत वाळतं, कुणीतरी काडी लावतो, गवताबरोबर पाकिटं जळतात आणि रस्त्याकडेच्या कडुलिंबाचं खोड अर्धं करपतं. उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजार रुपये दंड, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्येच दिला आहे. जे जळत नाही ते वाऱ्याने माळावर जातं. बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. इंदापुरात कडबनवाडीचं गवताळ रान आहे. दोन्हीकडे चिंकारा चरतो. त्याच माळावर धनगरांच्या मेंढ्याही चरतात, आणि मीठ-तेलाचा वास लागलेली पिशवी शेळी-मेंढीच्या पोटात जायला वेळ लागत नाही.

प्लॅस्टिकबंदी आली ती २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने, आणि दंडाची अंमलबजावणी २३ जूनपासून. त्या वर्षीची आषाढी बरोबर महिन्याने, २३ जुलैला होती. म्हणजे बंदीची पहिली मोठी परीक्षा वारीच्याच वाटेवर झाली. पहिल्यांदा पाच हजार, दुसऱ्यांदा दहा हजार, तिसऱ्यांदा पंचवीस हजार आणि तीन महिने कैद, असे आकडे ऐकून दुकानदारांनी काही महिने पिशव्या गल्ल्याखाली लपवल्या. १ जुलै २०२२ पासून केंद्राने एकदा वापरून फेकायच्या काही वस्तूंवर देशभर बंदी घातली. थर्माकोलची ताटं खरोखर कमी झाली, हे मान्य करायला हवं. कॅरीबॅग पातळ होऊन परत आली.

आता पोत्याकडे. समजा, सणसर ते बेलवाडी या पट्ट्यात तीस-चाळीस माणसांनी रविवारी सकाळी साठ पोती भरली. ही पोती कुणी न्यायची? रस्ता पालखी महामार्गाचा, म्हणजे केंद्राच्या खात्याचा. पाटस-बारामती-इंदापूर-अकलूज असा जाणारा हा ९६५ जी क्रमांकाचा मार्ग. नोव्हेंबर २०२१ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्याच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली, आणि वारकऱ्यांसाठी कडेने स्वतंत्र पायवाटेची आखणी झाली. महामार्गवाले म्हणतात, आमचा ठेकेदार डांबर आणि खड्डे बघतो. कडेची चारी पाटबंधारे खात्याची. पलीकडचा फाटा जिल्हा परिषदेचा. गावाची हद्द कुठे संपते हे सरपंचालाही नकाशा उघडल्याशिवाय सांगता येत नाही. बारामतीत २०१२ च्या हद्दवाढीने जळोची, तांदुळवाडी, रुई असे भाग नगरपरिषदेत आले, तेव्हा तिथल्या कचऱ्याला निदान एक मालक मिळाला. बाकी ठिकाणी पोती तशीच राहतात. दुसऱ्या दिवशी भटकी कुत्री ती फाडतात. तिसऱ्या दिवशी कुणीतरी काडी लावतो. ज्यांनी रविवारी वाकून वाकून पुड्या वेचल्या, ती माणसं पुढच्या रविवारी येत नाहीत. त्यांची भावना मेली म्हणून नव्हे, त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांचे कष्ट जाळले गेले म्हणून.

कायदा आणि पैसा यांची बाजू अगदीच रिकामी नाही. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांचा भर शहरांवर होता, पण त्याच वर्षीच्या प्लॅस्टिक कचऱ्याच्या नियमांनी ग्रामपंचायतींवरही जबाबदारी टाकली. पाकिटं बनवणाऱ्या कंपन्यांनी आपापलं प्लॅस्टिक परत गोळा करावं, असंही ते नियम म्हणतात. २०२२ मध्ये त्याची तपशीलवार मार्गदर्शक तत्त्वं आली. स्वच्छ भारत मिशनच्या ग्रामीण भागातल्या दुसऱ्या टप्प्यात तालुक्यामागे एक प्लॅस्टिक प्रक्रिया केंद्र धरलं आहे आणि त्यासाठी सोळा लाखांपर्यंत निधी. घनकचऱ्यासाठी पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला माणशी साठ रुपये, मोठ्या गावाला माणशी पंचेचाळीस. पंधराव्या वित्त आयोगाने गावांना दिलेल्या अनुदानातला साठ टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधून ठेवला होता. म्हणजे साठ पोत्यांसाठी ट्रॅक्टरची एक फेरी परवडत नाही, असं कुठल्याही ग्रामपंचायतीने म्हणू नये. अडतं ते ठरावात. स्वच्छतेची मोहीम ग्रामसभेच्या कागदावर आलेलीच नसते. ती फलकावर असते.

अमेरिकेत टेक्ससमधल्या टायलर या गावाजवळ हीच अडचण १९८० च्या दशकात आली होती. महामार्ग खात्यातल्या जेम्स इव्हान्स या अभियंत्याने पुढच्या गाडीतून उडणारा कचरा पाहिला आणि तो उचलायला खात्याला किती खर्च येतो याचा हिशेब मांडला. त्याने गावातल्या मंडळांना विचारलं, रस्त्याचा एक तुकडा दत्तक घ्याल का? एका मंडळाने दोन मैल घेतले. ९ मार्च १९८५ रोजी तिथे मंडळाच्या नावाची पाटी लागली आणि ‘रस्ता दत्तक’ ही कल्पना जगभर गेली. या गोष्टीत पाटीचं कौतुक होतं, पण खरी गंमत करारात आहे. मंडळाने ठरल्या वेळी कचरा वेचायचा; खात्याने पिशव्या आणि चकाकणारी जाकिटं द्यायची, आणि भरलेल्या पिशव्या खात्याच्याच गाडीने उचलायच्या. वाकणं लोकांचं, वाहणं सरकारचं.

त्याच देशात उलटा धडाही आहे. ‘कीप अमेरिका ब्युटिफुल’ ही संस्था १९५३ मध्ये निघाली, तिच्या मागे बाटल्या, डबे आणि पाकिटं बनवणारे कारखानदार होते. कचरा ही फेकणाऱ्याची चूक, बनवणाऱ्याचा त्यात संबंध नाही, हे तिच्या जाहिराती इतक्या सुरेख सांगत की दोन पिढ्यांना ते पटलं. आपल्याकडच्या स्वच्छता मोहिमांनाही पाकीटवाल्या कंपन्या टोप्या आणि टी-शर्ट देतात. टोपी घ्यायला हरकत नाही. पोत्यात त्या कंपनीची किती पाकिटं निघाली याची यादी मात्र तिला परत द्यावी.

मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अफरोझ शाह या वकिलाने ऑक्टोबर २०१५ मध्ये एका शेजाऱ्याला घेऊन कचरा उचलायला सुरुवात केली आणि पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण पुरस्कार त्यांना मिळाला. त्या कामातही महापालिकेचे ट्रक आणि यंत्रं यायची थांबली तेव्हा वाळूवर ढीग साचून काम अडलं होतं. पुण्यात विवेक गुरव यांच्या ‘पुणे प्लॉगर्स’ने पळता पळता कचरा उचलायची स्वीडनमधली रीत आणली. शहरात अशा मंडळींच्या पाठीशी ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था आहे. पिशवी भरली की ती वेगळी करणारे अनुभवी हात आहेत. बारामती-इंदापूरच्या रस्त्यांवर हे हात आहेत, पण विखुरलेले. गोणी पाठीवर टाकून फिरणाऱ्या त्या बायका-माणसांना कुठल्याही मोहिमेचं निमंत्रण नसतं.

खराट्याचा मान हा आपल्याकडे खराटा कुणाच्या हातात आहे यावर ठरतो, हे कडू सत्य इथे टाळता येत नाही. पारनेरचे रस्ते झाडणारे सेनापती बापट, तुरुंगात भंगीकाम मिळावं म्हणून उपोषण करणारे कोकणातले अप्पासाहेब पटवर्धन यांना हे पक्कं माहीत होतं. त्यांचं झाडणं जातीच्या भिंतीवरच होतं. आज डॉक्टरांनी झाडलं की बातमी होते. नगरपरिषदेच्या सफाई कामगाराने पालखीनंतरच्या सकाळी, रात्रीच्या जागरणावर, तोच रस्ता झाडला की ती ड्युटी. स्वयंसेवकांच्या मोहिमेत या कामगारांना पुढे बसवून त्यांच्याकडून काम शिकून घ्यावं, अशी साधी गोष्ट अजून रूढ झालेली नाही. ओला कचरा पोत्यात भरू नये, काच वेगळी ठेवावी, खराटा वाऱ्याच्या दिशेने मारावा, वाहतुकीकडे पाठ करून वाकू नये, हे त्यांच्याइतकं कुणाला कळतं?

शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. चौपदरी झाल्यावर या रस्त्यांवर गाड्यांचा वेग वाढला आहे. हंगामात उसाचे डबल ट्रॉली ट्रॅक्टर रात्री-पहाटे बिनदिव्याचे चालतात. लहान मुलांना महामार्गाच्या कडेला झाडायला नेणं हा कुठल्याही शाळेने टाळावा असा प्रकार आहे. त्यांच्यासाठी गावातली गल्ली, ओढा, शाळेमागचं मैदान पुरेसं आहे.

तेव्हा या दिवाळीनंतर ज्यांना झाडू घेऊन रस्त्यावर उतरायचं आहे त्यांनी कामाचा क्रम थोडा उलटा करावा. आधी एकच किलोमीटर निवडावा, स्वतःच्या गावाजवळचा, आणि तो वर्षभर सोडू नये. त्याच्या दोन्ही टोकांच्या टपरीवाल्यांशी, ढाबेवाल्यांशी बोलावं. गावातल्या गोणीवाल्यांना सोबत घ्यावं. भंगारात जाईल ते त्यांचं. ग्रामसेवकाला, जो आता कागदोपत्री ग्रामपंचायत अधिकारी झाला आहे, शुक्रवारीच गाठावं आणि ट्रॅक्टर रविवारी किती वाजता येणार, पोती कुठे उतरणार, हे त्याच्याकडून लेखी घ्यावं. महामार्ग असेल तर तसंच पत्र महामार्गाच्या कार्यालयाला द्यावं आणि पोच घ्यावी. ट्रॅक्टर ठरला नसेल, तर त्या रविवारी मोहीम पुढे ढकलावी आणि ती माणसं घेऊन सरळ ग्रामपंचायतीच्या ओट्यावर जाऊन बसावं.